उलटी गेलेली गादी: थरांच्या मालाला पेटंट मिळतं का?

तुर्भ्याच्या एमआयडीसीत नीडल पंच फेल्ट, म्हणजे सुयांनी टोचून घट्ट केलेले तंतूंचे जाड थर, बनवणारा एक लहान कारखाना आहे. दोन कार्डिंग मशिनं, एक क्रॉस लॅपर, एक नीडल लूम आणि दोन पाळ्या. वडील आणि मुलगी मिळून तो चालवतात. कामगार वडिलांना अण्णा म्हणतात आणि मुलीला ताई, मीही तेच म्हणतो. त्यांच्या एका मालाचं, सांडलेलं तेल आणि पाणी टिपणाऱ्या गादीचं, पेटंट प्रकरण मी ठाण्यात बसून, पेटंट एजंट म्हणून, पहिल्या भेटीपासून निकालापर्यंत सांभाळलं. दोघांच्या संमतीने ते इथे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि मालातले नेमके आकडे बदलले आहेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र तसंच ठेवलं आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लघुउद्योजकांचा माल थरांचा असतो: फेल्ट, फोम, फिल्टर, पॅकिंग. त्यांच्याकडून दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "असे थर अजून कुणी लावलेले नाहीत, म्हणजे पेटंट आमचंच." दुसरा म्हणतो, "थरावर थर ठेवण्यात शोध कसला? नाद सोडा." दोघांचंही चुकतं. का चुकतं ते या एका गादीवरून जितकं स्वच्छ दिसतं तितकं माझ्या दुसऱ्या कुठल्या फायलीत दिसलेलं नाही.

तेल आणि पाणी

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा, लेथच्या किंवा सीएनसीच्या पायाशी जमीन ओली असते. ती नुसत्या तेलाने ओली नसते. कापताना हत्यार थंड राहावं म्हणून सोडतात ते दुधाळ कूलंट म्हणजे मुख्यतः पाणी. मशीनच्या स्लाइडवरून ओघळलेलं तेल त्यात येऊन मिळतं. हे पुसायला कारखान्यात बनियन वेस्ट वापरतात, होजियरीच्या चिंध्या. चिंधी तेल पिते, पाणीही पिते, लगेच भरते, आणि तेलकट चिंध्यांचा तो ओला ढीग घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा लागतो.

दुसरा उपाय पॉलिप्रॉपिलीनच्या गाद्यांचा. पॉलिप्रॉपिलीन तेल धरतं आणि पाण्याला जवळ करत नाही. समुद्रावर सांडलेलं तेल टिपायला त्याच्या गाद्या वापरतात त्या याच गुणामुळे. पण मशीनखाली ती टाकली की तेल टिपलं जातं, पाणी तसंच राहतं, आणि माणूस घसरायचा तो घसरतोच.

ताईचं शिक्षण टेक्स्टाइलमधलं. तिने सरळ विचार केला: वर पॉलिप्रॉपिलीन, खाली पाणी पिणारा थर. खालच्या थरासाठी बनियनच्या चिंध्या पिंजून काढलेला कापूस घेतला, त्यात थोडा व्हिस्कोस, हाही पाणी पिणारा तंतू. कच्च्या कापसावर मेण असतं, त्यात पाणी लवकर शिरत नाही. बनियनचा कापूस ब्लीच झालेला असतो, तो चटकन भिजतो. दोन्ही थर नीडल लूममधून जोडून घेतले. गादी दिसायला देखणी झाली, पण कामाची झाली नाही. पाणी वरच्या थरावर अळवावरच्या पाण्यासारखं डुलत राहिलं. खाली तहानलेला कापूस, वर पाणी, आणि मधल्या थरातून पाण्याला वाटच नाही.

मग एका रात्रपाळीत लूमवरच्या कारागिराच्या हातून लॉट उलटा लागला. कापूस वर, पॉलिप्रॉपिलीन खाली. सकाळी सुपरवायझरने तो तागा रिजेक्टमध्ये टाकला. कारागिराने त्यातला हातभर तुकडा कापून घेतला आणि कॉम्प्रेसरच्या ड्रेनखाली टाकला, कारण तिथे तेलकट पाणी कायम ठिबकत असतं. टाकताना पॉलिप्रॉपिलीनची बाजू वर आली. दुसऱ्या दिवशी त्याने ताईला बोलावलं.

"ताई, बघा जरा. तेल वरच धरलंय आणि पाणी सगळं खालच्या कापसात उतरलंय. वर थेंब नाही."

असं का झालं, ते कळायला नीडल लूमची सुई जवळून पाहायला हवी. शिवणाच्या सुईसारखं तिला नेढं नसतं. तिच्या अंगावर बारीक तिरक्या खाचा असतात. सुई वरून खाली जाते तेव्हा त्या खाचा वरच्या थरातले तंतू पकडून खालच्या थरात ओढून नेतात, आणि वर परतताना तिथेच सोडून येतात. ताईच्या पहिल्या गादीत वर पॉलिप्रॉपिलीन होतं, त्यामुळे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू कापसात गेले. थर जोडले गेले, एवढंच. उलट्या लॉटमध्ये कापसाचे तंतू पॉलिप्रॉपिलीन भेदून पार गेले. गादी पालथी करून वापरली तेव्हा हेच तंतू वरच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या हजारो बारीक वाती झाले. समईतली वात तेल वर ओढते, या वाती पाणी खाली ओढत होत्या, आणि तेही तेल धरून बसलेल्या थराच्या पोटातून.

तेल या वातींत का शिरत नाही? वात आधी पाण्याने भिजली की तिच्यात तेलाला जागा उरत नाही, म्हणून. यातला 'आधी' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला महागात पडणार आहे.

माझ्या टेबलावर

पहिल्या भेटीला ताई एक स्टीलची परात, कूलंटची बाटली आणि लाल रंग घातलेलं तेल घेऊन आली. अण्णा शेजारी बसले होते. तिने गादी परातीत ठेवली, वर तेल मिसळलेलं कूलंट ओतलं. दुधाळ पाणी दिसेनासं झालं आणि गादीच्या अंगावर लाल डाग पसरला. गादीचा कोपरा उचलून तिने खालचा कापूस दाखवला. तो ओला होता, पण पांढरा होता. लाल रंगाची एक रेघसुद्धा खाली उतरली नव्हती.

मी तिला विचारलं, "ताई, हेच थर, याच वजनाचे, न टोचता नुसते एकावर एक ठेवून बघितलेत का?"

तिने पिशवीतून दुसरी गादी काढली. मग तिसरी, नेहमीच्या बाजूने टोचलेली. तिन्ही परातीत शेजारी शेजारी ठेवल्या. न टोचलेलीवर पाणी डुलत होतं, नेहमीच्या बाजूने टोचलेलीवरही डुलत होतं, उलट्या बाजूने टोचलेलीवर नव्हतं. तिन्हींत तंतू तेच, वजन तेच, थर तेच. थरांच्या मालाचं पेटंट टिकतं की पडतं हे माझ्या मते याच तुलनेवर ठरतं, आणि नेमकी हीच तुलना करायची राहून जाते. उद्योजक आपला माल बाजारातल्या दुसऱ्याच मालाशी ताडून दाखवतात. त्यातून माल चांगला आहे हे कळतं. चांगुलपणा थरांच्या जुळणीतून आला की नुसत्या जास्त किंवा महाग कच्च्या मालातून, हे कळत नाही. तपासणारा अधिकारी नेमकं तेच विचारणार असतो.

अर्ज करण्याआधी मी आणखी नमुने करून मागितले. चौरस सेंटिमीटरला साधारण वीस टोचे, साठ टोचे आणि दीडशे टोचे. वीसच्या गादीवर पाणी बराच वेळ थांबत होतं. साठची उत्तम चालली. दीडशेच्या गादीत पाणी झरझर उतरलं, पण लाल तेलही त्याच्या मागोमाग खाली गेलं, कारण पॉलिप्रॉपिलीनच्या थराची चाळण झाली होती. म्हणजे जितक्या जास्त वाती तितकं चांगलं, असा सरळ हिशेब नव्हता. मधला एक पट्टा चालत होता, दोन्हीकडची टोकं चालत नव्हती.

याच चाचण्यांत एक दोषही सापडला. कोरड्या गादीवर आधी निव्वळ तेल पडलं तर वाती तेलानेच भरतात, आणि नंतर आलेलं पाणी वर अडकतं. ताईने ते प्रामाणिकपणे वहीत लिहिलं होतं. ते स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनात, घालायचं म्हटल्यावर अण्णा अस्वस्थ झाले.

"अहो, आपल्याच मालाचा दोष आपणच सरकारदरबारी लिहून द्यायचा?"

मी म्हटलं, द्यायचा. पेटंट कायद्याचं कलम १० शोधाचं पूर्ण वर्णन मागतं, आणि चाललेल्या नमुन्यांबरोबर फसलेले नमुने लिहिले की हा परिणाम कुणालाही आधीच सांगता आला नसता हे कागदावर येतं. अण्णांना ते त्या दिवशी पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही.

दुसरा मुद्दा शोधक कोण, हा. फॉर्म १ मध्ये शोधकांची नावं लिहावी लागतात. अण्णांच्या मते ताईचं नाव पुरेसं होतं, कारण कारागिराच्या हातून तर चूक झाली होती. चूक झाली हे खरं, पण रिजेक्टमधला तुकडा उचलून तेलकट पाण्याखाली टाकणं आणि 'तेल वर, पाणी खाली' हे ओळखून येऊन सांगणं ही चूक नव्हती. शोध अपघाताने लागला की अभ्यासाने, याची कायदा चौकशी करत नाही. कारण शोधलं ताईने, पण वेगळं काही घडतंय हे आधी त्याने पाहिलं. दोघांची नावं घातली.

अण्णांनी वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या मशीन शॉपला दहा गाद्या वापरून बघायला दिल्या होत्या, हे मला तेव्हाच कळलं. चलनावर 'ट्रायलसाठी' असं लिहिलेलं होतं, पैसे घेतलेले नव्हते. कलम ३२ अशा वाजवी चाचणीला एक वर्षाची सवलत देतं, पण त्या सवलतीवर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. त्याच आठवड्यात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज दाखल केला. बारा महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन देणं बंधनकारक असतं, ते त्याच्या बरंच आधी दिलं.

कायदा नेमकं काय विचारतो

पेटंटला इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे कल्पकतेचं पाऊल, लागतं; त्याची व्याख्या कलम २(१)(जेए) मध्ये आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही हवं, आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्याजोगी नसावी. पुष्कळजण पहिला अर्धाच भाग वाचतात. "आमचा माल निम्म्या किमतीत पडतो, हे आर्थिक महत्त्व नाही का?" आहे. पण 'आणि' नंतरची अट त्याने सुटत नाही.

थरांच्या मालाला आणखी एक उंबरठा आधी ओलांडावा लागतो, कलम ३(एफ) चा. माहितीतल्या वस्तूंची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, जिच्यात प्रत्येक वस्तू आपापलं ठरलेलं काम दुसरीशी संबंध न ठेवता करते, तिला कायदा शोधच मानत नाही. ताईची पहिली गादी, पाणी डुलणारी, या कलमात अगदी चपखल बसते. तेलवाला थर तेलाचं काम करतो, पाणीवाला पाण्याचं, दोघांचं एकमेकांशी देणंघेणं नाही.

या विषयावरचा आपल्याकडचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, १९७८ सालचा, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. प्रकरण मिर्झापूरच्या भांडी उद्योगातलं. भांडं लेथवर घासून चकचकीत करताना ते घट्ट धरायचं कसं, यावर पेटंट होतं. टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या मागच्या टोकाच्या, बाजूने टोकदार स्पिंडलचा (दांड्याचा) दाब देऊन भांडं धरायचं, अशी ती युक्ती. न्यायालय म्हणालं की टेलस्टॉक आणि त्याचा स्पिंडल कारखान्यात पूर्वापार आहेत; ही कारागिराच्या रोजच्या हुशारीतली सुधारणा आहे, शोध नव्हे. माहितीतल्या गोष्टी नुसत्या एकत्र आणून भागत नाही, त्यातून कल्पकतेचा काहीतरी नवा परिणाम निघायला हवा. पेटंट रद्द झालं. लेथवर काम केलेला कुणीही हा निकाल वाचून मान डोलावेल असं मला वाटतं.

पण याच निकालाचा धाक दाखवून प्रत्येक साधी दिसणारी गोष्ट बाद करणं हेही बरोबर नाही. तंतुमय मालातलंच उदाहरण घ्या. टेफ्लॉनची कांडी तापवून ताणायची तर ती हळूहळू ताणली पाहिजे, नाहीतर तुटते, अशी त्या क्षेत्रातली समजूत होती. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी ती एका झटक्यात खेचली. ती न तुटता कितीतरी पट लांबली आणि आत सूक्ष्म तंतूंचं सच्छिद्र जाळं तयार झालं. पुढे १९८३ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने त्या पेटंटांच्या खटल्यात पश्चातबुद्धीपासून सावध केलं: शोधकाने शिकवल्यावर जे समजलं, तेच त्याच्याविरुद्ध 'हे तर उघडच होतं' म्हणून वापरू नका. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. पण उत्तर पाहिल्यावर गणित सोपं वाटतं, हा अनुभव तुर्भ्यातही तोच आहे.

तपासणी अहवाल

दावे म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारी कलमं; ती मी पायऱ्यापायऱ्यांनी लिहिली होती. दावा १ अण्णांच्या आग्रहाने खूप रुंद होता: वर तेल धरणारा तंतूंचा थर, खाली पाणी धरणारा थर, दोन्ही सुयांनी जोडलेले. दावा ४ मध्ये खालच्या थरातले तंतू वरचा थर भेदून पृष्ठभागापर्यंत येतात, हे होतं. दावा ६ मध्ये टोच्यांचा पट्टा.

पेटंट कार्यालयाच्या पहिल्या तपासणी अहवालात दोन जुने दस्तऐवज पुढे आले. पहिला तेल टिपणाऱ्या गादीचा, पॉलिप्रॉपिलीनखाली सेल्युलोजचा, म्हणजे कापसाच्या जातीच्या तंतूंचा, थर, सुयांनी जोडलेला. दुसरा खेळाडूंच्या कपड्याचा. त्यात अंगालगतचा थर पाणी न धरणारा आणि बाहेरचा पाणी पिणारा होता, आणि बाहेरच्या थरातलं सूत ठिकठिकाणी आत येऊन घाम बाहेर खेचत होतं. या दोहोंवरून सगळेच दावे सहज सुचण्याजोगे आहेत आणि ३(एफ) खालीही येतात, असं अहवालात दोन ओळींत म्हटलं होतं. उत्तराला सहा महिने.

अहवाल वाचून अण्णा हबकले. मला मात्र दावा १ पुरता तो रास्त वाटला, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पहिल्या दस्तऐवजात दावा १ जवळपास जसाच्या तसा होता. त्यासाठी भांडण्यात वेळ आणि विश्वास दोन्ही गेले असते.

"मग राहिलं काय आपल्याकडे?" अण्णांनी विचारलं.

मी त्यांना परातीतल्या तीन गाद्या आठवायला सांगितल्या. दावा १ मध्ये पाणी डुलणाऱ्या गाद्याही येत होत्या. त्या कुणी नक्कल केल्या तर करू देत की, त्या चालतच नाहीत. चालते ती वातींची गादी, आणि तिच्यासाठी दावा ४ आणि ६ शाबूत होते.

उत्तराचा गाभा दुसऱ्या दस्तऐवजावर होता, कारण खरा धोका तोच होता. पाणी न धरणाऱ्या थरातून पाणी पिणारे तंतू बाहेर आणायची कल्पना त्यात होती, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. प्रश्न असा की तेलाच्या गाद्या बनवणारा जाणकार ती उचलून इथे आणेल का? कपड्यात द्रव एकच, घाम. तिथला पाणी न धरणारा थर कोरडा राहावा एवढंच त्याचं काम. आमच्या गादीत तोच थर तेलाने गच्च भरणार असतो. तेलाने भरलेल्या थरातून कापसाची वात न्यायची म्हटलं तर जाणकार माणूस आधी हेच म्हणेल की वात तेलाने बुडेल. पहिला दस्तऐवज तर उलटीच वाट दाखवत होता: सेल्युलोजचे तंतू वरच्या थरात मिसळू देऊ नका, तेल धरायची ताकद घटते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आणि वात बुडण्याची ही भीती पोकळ नव्हती, याचा पुरावा आमच्याच स्पेसिफिकेशनमध्ये होता. अण्णांना नको असलेला तो फसलेला नमुना. योग्य क्रमाने आणि योग्य दाटीने केलं तरच गोष्ट जमते, एरवी भीती खरी ठरते.

हिअरिंग

हिअरिंग व्हिडिओ कॉन्फरन्सवर झालं. ताई माझ्या शेजारी बसली होती, टेबलावर परात होती, पण ती दाखवायची वेळ आली नाही. निर्णय देणाऱ्या पेटंट कार्यालयातल्या कंट्रोलरसाहेबांनी फाइल बारकाईने वाचलेली होती आणि त्यांनी पहिलाच प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा विचारला. सुई एकतर या बाजूने मारता येते नाहीतर त्या बाजूने. दोनच शक्यता असताना दुसरी करून पाहण्यात कल्पकता कुठे आली?

संपूर्ण प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न हाच होता. त्याचं उत्तर आम्ही असं दिलं. शक्यता दोनच आहेत, पण सुईची दिशा हाच प्रश्न आहे हे ज्याला कळलं आहे त्याच्यासाठी. ताईपुढे तो प्रश्न नव्हता. तिच्यापुढे प्रश्न होता, पाणी खाली उतरत नाही. तिथे उभं राहिलेल्या जाणकाराला काय काय सुचेल? पॉलिप्रॉपिलीनवर पाणी पसरवणारं रसायन मारावं. वरचा थर पातळ करावा. त्याला भोकं पाडावीत. वरच्या थरातच थोडा व्हिस्कोस मिसळावा. ताईच्या वहीत यातले तीन प्रयोग तारखांसह होते आणि तिन्हींत तेल धरायची ताकद कमी झाली होती. सुयांचं काम थर जोडणं, एवढंच धंद्यात सगळे धरून चालतात. जोडणीच्या साधनाकडे द्रवाची वाट म्हणून पाहिलं, तिथे पाऊल पडलं. आणि नुसती दिशा बदलूनही भागत नव्हतं. दीडशे टोच्यांची गादी उलट्या बाजूनेच टोचलेली होती, तरी ती फसली.

कायद्याच्या बाजूने मी दोन निकालांचा आधार घेतला. रोश विरुद्ध सिप्ला या २०१५ च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पायऱ्या आखून दिल्या आहेत: जाणकार कोण ते ठरवा, शोधाचा गाभा ओळखा, त्या तारखेचं सर्वसाधारण ज्ञान त्या जाणकाराला द्या, फरक शोधा, आणि शोध माहीत नसल्यासारखं त्या फरकाकडे बघा. दुसरा, अ‍ॅग्रीबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणातला त्याच न्यायालयाचा २०२२ चा निकाल. इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून अर्ज नाकारायचा तर आधी काय माहीत होतं, अर्जात काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरं जाणकाराला कसं सुचलं असतं, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी, असं तो सांगतो. अहवालातल्या दोन ओळींत तिसरा भाग नव्हता. हे मी तक्रारीच्या सुरात मांडलं नाही. त्या तिसऱ्या भागाचं उत्तर आम्हीच द्यायचं ठरवून आलो होतो.

३(एफ) चा मुद्दा त्यामुळे लवकर मिटला. थर आपापलं काम स्वतंत्रपणे करत असतील तर ते कलम लागतं. इथे वरचा थर तेल अडवतो म्हणून वातींत पाणी राहतं, आणि वाती पाणी काढून नेतात म्हणून वरच्या थरातल्या तेलाला जागा मिळते. नुसत्या एकावर एक ठेवलेल्या गादीचा नमुना शेजारी असल्यामुळे हे शब्दांत पटवावं लागलं नाही.

हिअरिंगनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं दिलं. त्यात दावा १ सोडला आणि ४ व ६ एकत्र करून नवा पहिला दावा केला. कलम ५९ नुसार दुरुस्तीने दावा अरुंद करता येतो, मूळ कागदात नसलेलं काही घुसडता येत नाही. जे हवं होतं ते मूळ कागदात होतं. काही आठवड्यांनी पेटंट मंजूर झालं.

दमट गादी

आता त्या 'आधी'कडे येतो. पूर्ण स्पेसिफिकेशन दाखल करून बरेच महिने झाल्यावर ताईला त्या दोषाचा उपाय सापडला. गादी बांधायच्या आधी खालचा थर थोड्या पाण्याने दमट करायचा आणि गादी पिशवीत सीलबंद करायची. वाती आधीच पाण्याने भरलेल्या असल्या की नंतर निव्वळ तेल पडलं तरी ते आत शिरत नाही. उपाय इतका साधा की ऐकून आम्ही तिघे क्षणभर गप्पच बसलो. पण तो दाखल केलेल्या कागदात नव्हता, आणि तपासणीच्या उत्तरात तो जोडायला कायद्याची मनाई होती. हा उपाय दाखल करण्याआधी का शोधला नाही, याची हळहळ मला आजही आहे. दोष वहीत लिहिलेला होता. त्याच्या शेजारीच 'मग काय करता येईल?' हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

वाट मात्र एक होती, कलम ५४ चं अॅडिशनचं पेटंट. मूळ शोधातल्या सुधारणेसाठी तोच अर्जदार ते मागू शकतो. त्याला वेगळी नूतनीकरण फी नसते आणि त्याची मुदत मूळ पेटंटबरोबरच संपते. या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलं ते कलम ५६: मुख्य शोधाच्या तुलनेत इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, एवढ्याच कारणावरून अॅडिशनचं पेटंट अवैध ठरत नाही. नवीनपणा लागतो, आणि तो होता, कारण दमट गादी अजून कारखान्याबाहेर गेलेली नव्हती. या वेळी अण्णांनी एकही नमुना कुणाला दिला नाही.

तो अर्ज दाखल आहे. मूळ पेटंटवर मंजुरीच्या प्रकाशनापासून एक वर्ष कुणीही हितसंबंधी माणूस विरोध नोंदवू शकतो, त्या मुदतीकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत. तीन मूळ गाद्या, तारखांच्या चिठ्ठ्या लावून, माझ्या कपाटात आहेत. ताईची वही कारखान्यातच आहे आणि तिच्या प्रत्येक पानावर आता दोन सह्या असतात.

२०२४ च्या सुधारित नियमांनी शोधकाला स्वतंत्र प्रमाणपत्र मागायची सोय केली आहे. मी दोघांसाठी अर्ज भरायला बसलो तेव्हा कारागीर शिफ्ट संपवून तुर्भ्याहून गाडीने ठाण्याला आला. फॉर्मवरचं आपलं नाव त्याने बोट ठेवून दोनदा वाचलं, आडनावातली एक वेलांटी चुकली होती ती दाखवली, आणि दुरुस्त करून छापलेला कागद हातात येईपर्यंत तो उभाच होता.